आगीचा खेळ: बंद करायचा की खेळू द्यायचा?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकाताईंचा आहे. दिवाळीनंतर त्यांच्या गावात एका शेतकऱ्याचा गोठा जळाला. आत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेलं होतं आणि एक गोऱ्हा दाव्याला बांधलेला होता, तो वाचला नाही. तेव्हापासून अंगणवाडीतली तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज 'आग लागली' खेळतात. एक आजी येऊन म्हणाल्या, "वं बाई, हे अभद्र खेयनं बंद कर, वास्तू तथास्तु म्हनते." सरपंचांना वाटतं, अशानं पोरं एखाद्या दिवशी खरीच काडी लावतील. ज्यांचा गोठा जळाला त्या घरचा पाच वर्षांचा मुलगा मात्र कोणात मिसळत नाही, एका कोपऱ्यात बसून तेच ते खेळतो. ताई विचारतात, खेळ बंद करू, की त्यालाच महिन्याचा विषय करून शिकवू?

ताई, बंद करू नका. बंद केला तरी खेळ थांबत नाही, तो तुमच्या नजरेआड जातो, आणि आपल्या गावात नजरेआडची जागा म्हणजे कुटाराच्या ढिगामागची. मी अंगणवाडीच्या या योजनेत २९ वर्षं काढली, आधी सेविका आणि मग सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून. एका गावात माझ्याच सांगण्यावरून असा खेळ बंद केला होता. आठ दिवसांनी चार पोरं शाळेच्या भिंतीमागे सापडली. मधे वाळल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, ढीग, आणि एकाच्या चड्डीच्या खिशात माचिस. काडी ओढायला कोणाला जमली नव्हती म्हणून निभावलं. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

आणि महिन्याचा विषयही लगेच करू नका. विषय केला की तक्ते येतात, गाणं येतं, 'आगीचे उपयोग सांगा' येतं, आणि लेकरांच्या हातातला खेळ आपल्या हातात येतो. आधी दोन-तीन दिवस नुसतं पाहा. आग कोण होतं, विझवायला कोण धावतं, कोण नुसतं ओरडतं, खेळ संपतो कुठे. एका वहीत दोन-दोन ओळी लिहून ठेवा. मोबाइलवरचं सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, भरून तुम्ही थकलेल्या असता हे मला ठाऊक आहे, पण ह्या दोन ओळी कोणाला पाठवायच्या नाहीत, त्या तुमच्यासाठी आहेत.

गोठा जळाला तेव्हा मोठी माणसं पारावर बसून तीच हकिकत दहा-दहा वेळा सांगत होती की नाही? धूर पहिल्यांदा कोणी पाहिला, लाइन नेमकी तेव्हाच कशी गेली, कोणाच्या विहिरीवर इंजिन होतं. सांगून सांगून माणूस मोकळा होतो. चार वर्षांच्या लेकराजवळ एवढे शब्द नसतात. ते तीच हकिकत हातापायांनी सांगतं, आणि तुमच्या ओट्यावर सांगतं, कारण तिथे त्याला कोणी 'चूप' म्हणत नाही. ही जागा त्याच्यापासून काढून घेऊ नका.

आता माझी एक फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात कुठल्याशा प्रशिक्षणातून आल्यावर मी मोठ्या हौसेनं पुठ्ठ्याची लाल अग्निशमन गाडी बनवली होती. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, पण आपल्याकडे त्या दिवशी भीमजयंतीची सुट्टी, म्हणून दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठेवला. शिडी, घंटा, पाइप, सगळं होतं. पोरांनी गाडी पाहिली, आनंदानं आत बसली, आणि पाच मिनिटांत तिच्यात चिंध्या भरायला लागली. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "बाई, कापूस चालला जिनात." त्या गावात अग्निशमनची गाडी कोणी पाहिलेलीच नव्हती. ती उभी असते तालुक्याच्या नगरपरिषदेत, आणि येईपर्यंत बहुतेक वेळा राख उरलेली असते. कापसाच्या गाड्या मात्र दिवाळीपासून रोज दारावरून जात होत्या. खेळ आणायचा असतो तो लेकरांनी डोळ्यांनी पाहिलेल्या जगातून, आपल्या पुस्तिकेतून नव्हे, हे मला त्या चिंध्यांनी शिकवलं.

अग्निशमन दिनामागची हकिकत मात्र मी पुढे पालकसभेत खूपदा सांगितली. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे कितीतरी जवान गेले, त्यांची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. जहाजावर दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग त्या गाठींतच धुमसत होती. एवढं सांगितलं की आपल्याकडचे बाप लोक लगेच पुढे सरकून बसतात. कापूस वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून धुमसत राहतो, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. मग घरात रचलेल्या कापसाशेजारी बिडी ओढायची नाही, हे ते एकमेकांनाच सांगतात.

तर तुमच्या लेकरांनी आग विझवताना काय पाहिलं असेल ते आठवा. घागरी, बकेटा, विहिरीवरचं इंजिन, ओली पोती, कडुलिंबाच्या फांद्यांनी झोडपणं, फावड्यानं माती टाकणं, आणि विळ्यानं दावं कापून ढोरं मोकळी करणं. खेळायचं सामान यातूनच काढा. जुनी निळी ओढणी म्हणजे पाणी, लाल-पिवळी म्हणजे जाळ. रिकामे तेलाचे डबे, नारळाच्या करवंट्या, एक पोतं, सुताची जाड दोरी. दोरी लागेलच, कारण दोन-तीन लेकरांना नक्की बैल व्हायचं असतं. "मी बैल हो, मले सोडा ना!" हे वाक्य मी वेगवेगळ्या तालुक्यांत इतक्यांदा ऐकलं की त्याशिवाय हा खेळ पुरा होत नाही असं मला वाटतं. फक्त दोरी गळ्यात घालू द्यायची नाही. कमरेभोवती एक वेढा, गाठ न मारता, किंवा नुसती हातात धरायची. हा नियम पहिल्याच दिवशी, खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा.

तीन वस्तू खेळात येऊ देऊ नका, आणि या बाबतीत कोणाचं ऐकू नका.

पहिली, फवारणीचा पंप. पोरं तो आणणारच, कारण पाठीवर पाण्याची टाकी आणि हातात नळी, याहून चांगलं विझवायचं हत्यार त्यांनी पाहिलेलं नाही. मात्र त्यात औषधाचा अंश राहतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुम्ही विसरल्या नसाल. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबकीही नकोत, कितीही धुतलेली असोत. पंप हवाच असेल तर बिस्किटांच्या खोक्याला दोन चिंध्यांचे पट्टे लावा आणि कपड्याची नळी शिवा. असा पंप पोरांना खऱ्यापेक्षाही आवडतो, कारण तो उचलता येतो.

दुसरी, मोबाइलवरचे आगीचे व्हिडिओ. मदतनीसताई कौतुकानं दाखवतात. ज्यांनी खरी आग नुकतीच पाहिली आहे त्यांना परत दाखवून काय मिळवायचं?

तिसरी, माचिस. रिकामीसुद्धा नको. इथे आपल्या स्वतःच्या घराकडे पाहायला हवं. गेली कित्येक वर्षं आपण अंगणवाडीत काड्या मोजायला देतो, काडीपेट्यांची आगगाडी करतो, काड्यांचं घर चिकटवतो, आणि शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळतं. मीही दिलं आहे. एकीकडे लेकराला सांगायचं की माचिसला हात लावायचा नाही, आणि दुसरीकडे तीच त्याच्या हातात अभ्यास म्हणून द्यायची. तीन वर्षांच्या मुलाला जळलेली काडी आणि गुलाची काडी यांतला फरक आपण समजावून सांगितला म्हणून घरी तो कळेलच, असं नाही. मोजायला चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, खराट्याच्या काड्यांचे तुकडे आहेत. तुमच्या कपाटात काडीपेट्यांचं काही असेल तर आजच काढून टाका.

आता चुलीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

एकदा गोठा जळाला म्हणून लेकरांच्या डोक्यात आग म्हणजे राक्षस होऊन बसते. पण रोजची आग तर वेगळीच आहे. सकाळी आंघोळीचं पाणी तापवणारी, भाकर फुगवणारी, हुरडा भाजणारी, थंडीत बुढ्याबाबांच्या पायाशी शेकोटीत असणारी. होळीला लेकरंच तर शेणाच्या चाकोल्या करून वाळवतात आणि माळा ओवतात. रोडग्यांचा कार्यक्रम असला की गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे कसे भाजले जातात, ते चार वर्षांची पोरगीसुद्धा सांगते. म्हणून माझा सल्ला असा, की आग विझवण्याचा खेळ चालू असतानाच बाहुलीघराच्या कोपऱ्यात एक खोटी चूल मांडा. दोन्ही खेळ शेजारी असले की लेकरं आपोआप या आगीतून त्या आगीत ये-जा करतात. एका गावात मी पाहिलं, विझवणारी सगळी टोळी दमून चुलीपाशी आली, आणि चुलीवरच्या मुलीनं प्रत्येकाला खोटा चहा दिला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं गावात तेच पाहिलं होतं.

चूल मातीची करा, लेकरांकडूनच. चिखल मळणं हाच एक दिवसाचा कार्यक्रम होतो. शेजारी वैल, म्हणजे चुलीला जोडलेली धाकटी चूल, असू द्या, नाहीतर आया हसतात, "हे कोनती चूल?" सरपण म्हणून तुरीच्या काड्यांचे बोटभर तुकडे चालतील. टोकं घासून घ्या, पऱ्हाटी मात्र नको, ती टोचते. लाल पतंगी कागदाचे तुकडे म्हणजे निखारे, आणि थोडी रांगोळी म्हणजे राख. फुंकणी पुठ्ठ्याच्या नळीची, पण प्रत्येकाची वेगळी आणि नाव लिहिलेली. एकाच फुंकणीला वीस तोंडं लागली की आठवड्यात सगळी अंगणवाडी खोकायला लागते. हा माझा अनुभव आहे. नाव लिहिलेली फुंकणी शोधता शोधता स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर ओळखता येतं, हा वरचा नफा.

या चुलीपाशी काय काय शिकणं होतं ते बाहेरच्याला दिसत नाही. आधी राख काढायची, मग बारीक काड्या, मग जाड लाकूड, मग गोवरी, मग फुंकायचं, मग भांडं. क्रम चुकला की दुसरी लगेच टोकते, "अवं, आंधी राख काढ ना!" घटनांचा क्रम लावणं म्हणून आपण जी चित्रकार्डं दाखवतो, तेच हे, फक्त इथे मूल भांडून क्रम सिद्ध करतं. काय जळतं आणि काय जळत नाही याची वर्गवारी इथेच करा, काही न जाळता. कापूस, कुटार, गोवरी, कागद एका बाजूला. दगड, वाळू, ओलं पोतं, लोखंडी चिमटा दुसऱ्या. ओल्या लाकडावर हमखास वाद होतो. अर्धी म्हणतील जळतं, अर्धी म्हणतील नुसता धूर होतो. निकाल देऊ नका. घरी जाऊन आईला विचारून या म्हणा.

शब्दांचं तर विचारूच नका. ठिणगी, धग, झळ, भडका, काजळी, निखारा, फुफाटा, पेटणं, धुमसणं, विझणं. आपल्या बोलीत जाळ हा 'जाय' होतो. लेकरू 'जाय' म्हणालं तर 'जाळ म्हण' असं टोकू नका, तुम्ही फक्त पुढच्या वाक्यात 'जाळ' वापरा. कोलाम-गोंड वस्तीतली मुलं असतील तर त्यांचे शब्द त्यांच्याकडून शिका. गोंडीत आगीला 'किस' म्हणतात. एका दिवशी सगळ्या अंगणवाडीनं 'किस, किस' ओरडत आग विझवली, तेव्हा एरवी गप्प बसणारी एक गोंड मुलगी त्या दिवसापुरती सगळ्यांची बाई झाली होती.

इथे एक जुना वाद आहे, तोही सांगते. आम्हाला सुरुवातीला शिकवणाऱ्या बाई माँटेसोरी पद्धतीच्या होत्या. त्यांना खोटी चूल पटायची नाही. म्हणायच्या, खोटं कशाला, मुलाला खरं काम द्या, ते त्याला जास्त आवडतं. मारिया माँटेसोरींचा स्वतःचा कलही तसाच होता. सेवाग्रामच्या नई तालीममध्येही, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीतही, खऱ्या कामालाच मान. शेंगा सोलायला, मटार निवडायला, ताटं पुसायला लेकरांना खरंच आवडतं, यात त्या बाई बरोबर होत्या. पण खरी आग हे पाच वर्षांच्या मुलाला देण्यासारखं काम नाही. तिथे खोटी चूलच लागते. आणि जळालेला गोठा कोणत्या खऱ्या कामानं मनातून जाणार? मी दोन्ही ठेवते.

सरपंचांचं भय तसं चुकीचं नाही, पण त्याचं उत्तर खेळातच आहे. लेव्ह व्हायगॉट्स्की हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात सांगून गेले, की खेळणारं मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, कारण खेळात नियम असतो आणि तो नियम ते आपण होऊन पाळतं. त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी पुढे करून पाहिलं: मुलाला नुसतं 'हलू नको' म्हटलं तर ते थोडाच वेळ स्थिर राहतं, पहारेकरी केलं की कितीतरी जास्त. आपल्याकडे जागल, म्हणजे रात्री शेताची राखण, आहेच की. सर्वांत उनाड पोराला जागलीवर बसवा, खाटेवर, खांद्यावर घोंगडी, काम एकच, धूर दिसला की हाकारा द्यायचा. तो एवढा वेळ गप्प बसलेला तुम्ही कधी पाहिला नसेल.

दुसरा खेळ अंगानं आग होण्याचा. पाच-सहा लेकरं लाल ओढण्या घेऊन खाली बसतात, ती ठिणगी. वारा म्हटलं की हळूहळू उठतात, वाढतात, हात वर करून नाचतात, तो भडका. निळी ओढणी ज्याला लागली तो खाली बसला. नाचत्या अंगाला एका स्पर्शात थांबवणं हे लहान मुलांना सोपं नसतं, म्हणून पहिल्या दिवशी आग विझतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी विझते. मोठी हुशार पोरं तर नंतर 'धुमसणारी' आग होतात, बसतात आणि बोटं हलवत राहतात. ज्या मुलाचा गोठा जळाला त्याला आग व्हायला सांगू नका, पण तो आपण होऊन झाला तर अडवूही नका.

गडचिरोली-गोंदियाकडच्या ताईंसाठी थोडं वेगळं. तिथे गोठ्यापेक्षा वणव्याचा खेळ होतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग जंगलात शिरते. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, तेव्हा त्या दिवसांत मोहाखाली झाडून वेचायचा खेळ लावा, आणि रांगोळीनं जाळरेषा ओढायचा. रेषेपलीकडे आग जाऊ शकत नाही, हे मुलांना फार पटतं.

खेळ आणि सुरक्षेचा धडा मात्र एकत्र कालवू नका. खेळ रंगात आला असताना 'सांगा बरं, आग लागली की काय करायचं?' असं विचारणाऱ्या बाईकडे लेकरं ज्या नजरेनं पाहतात, ती मी झेलली आहे. खेळात पोरं आगीकडे धावतात, शूर होतात, तेच हवं. खऱ्या आगीत त्यांनी पळायचं असतं. म्हणून हे वेगळ्या वेळी, रोज पाच मिनिटं, शांतपणे शिकवा. गोष्टी तीनच. धूर किंवा जाळ दिसला की बाहेर जायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. खाटेखाली, कोठीमागे, गोधडीत लपायचं नाही, कारण लहान मुलं घाबरली की लपतात आणि मग सापडत नाहीत. आणि माचिस किंवा लायटर पडलेला दिसला की हात न लावता सांगायचं. महिन्यातून एकदा घंटा वाजवून सगळ्यांना कडुलिंबाखाली नेऊन मोजा. कपड्यानं पेट घेतला की 'थांबा, आडवे व्हा, लोळा' हे पाच-सहा वर्षांच्यांना दाखवा, पण अभिनयगीत करून तीन वर्षांच्यांना नको. ती लेकरं 'आग' हा शब्द ऐकला की लोळायला लागतात, आणि बाहेर पळायचं सोडून लोळत बसली तर उपयोग काय?

आणि ताई, खरं भाजणं अंगणवाडीत कशानं होतं ते तर पाहा. लहान लेकरं जास्त करून उकळत्या पाण्यानं, चहानं, वरणानं पोळतात. तुमचा खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कुठे उतरवतात? दाराच्या वाटेत? कुटाराच्या गंजीला लागलेल्या आगीची आपण चर्चा करतो आणि पोर पोळतं ते गंजानं. आहार शिजवायची-वाढायची जागा खेळाच्या कोपऱ्यापासून दूर, मधे बाक आडवा. पोळलंच तर साधं पाणी, वाहतं, वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. सूज यायच्या आधी बांगड्या, करदोटा काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, वर स्वच्छ सुती कापड टाका आणि आरोग्य केंद्रात न्या, १०८ ला फोन करून. एक गोष्ट आपल्या उन्हाची: एप्रिल-मे महिन्यात छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी स्वतःच चटका देतं. तेव्हा नळ सोडून माठातलं किंवा रांजणातलं पाणी हळूहळू ओतत राहा.

आजींशी वाद घालू नका. वास्तू तथास्तु म्हणते हे त्यांच्या मनातलं भय आहे, तर्कानं ते जाणार नाही. मी अशा वेळी खेळाचं नाव बदलत असे. 'आग लागली' ऐवजी 'आग विझली'. पोरांना काही फरक पडत नाही, आजींना पडतो. आजींनाच एकदा बोलवा, पूर्वी निखारा राखेत झाकून रात्रभर कसा ठेवायचे आणि सकाळी शेजारणीकडे विस्तव मागायला कसं जायचे, ते त्यांना सांगू द्या. मी बोलावलेल्या एक आजी नंतर दर आठवड्याला यायला लागल्या, मग त्यांना थांबवायचं कसं हा नवा प्रश्न झाला. वरिष्ठांनी विचारलं तर सांगा, २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आणि २०२४ चा 'आधारशिला' हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम, दोन्ही खेळातूनच शिकवा म्हणतात.

शेवटी तो मुलगा.

बाकीच्यांच्या खेळात रोज काही ना काही बदलतं, कोणी नवा येतो, पाणी संपतं, ट्रॅक्टर येतो. त्याच्या खेळात तेच ते, त्याच क्रमानं, चेहऱ्यावर हसू नाही, आणि शेवट नेहमी जळण्याचाच, असं असेल तर तो अडकला आहे. त्याला गटात ओढू नका. 'चल, सगळ्यांबरोबर खेळ' हे तर म्हणूच नका. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा, हातात काही काम घेऊन. दोन-चार दिवस काहीच विचारू नका. घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल तर तो आणून त्याच्या जवळपास ठेवा, हातात देऊ नका. तो घेईल तेव्हा घेईल. मग कधीतरी एवढंच, "मंग कोन आलं?" उत्तर आलं नाही तरी चालतं, दुसऱ्या दिवशी परत विचारा. एक दिवस कोणीतरी येतं. माझ्या एका केंद्रात एका मुलाच्या खेळात पहिल्यांदा आली ती चिमणी, तिनं चोचीनं दावं सोडलं. बाबा नाही, काका नाही, चिमणी.

महिनाभरात काही हललं नाही, किंवा तो रात्री दचकून उठतो, अंथरूण ओलं करायला लागला, आईला सोडतच नाही, असं घरचे सांगत असतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं त्यांच्या डॉक्टरांना सांगा. त्यांची फेरी लांब असेल तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आईला लिहून द्या, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आईशी बोलताना एक लक्षात असू द्या, त्या घराचा गोठा, चारा आणि गोऱ्हा गेला आहे, म्हणजे पुढच्या पेरणीचा हिशेबच गेला आहे. तिलाही कोणी बसून विचारलेलं नसेल.

आणि तो तुम्हाला विचारेल, कदाचित खिचडी खाताना, एकदम, की गोऱ्हा परत येते काय. 'देवाघरी गेला, येईल' असं सांगू नका. त्या मुलानं जळालेला गोऱ्हा पाहिला आहे, आणि खोटं तो लगेच ओळखतो. "नाही बापू, थो आता नाही येत," एवढं म्हणा आणि तिथेच बसून राहा. मला हाच प्रश्न विचारणाऱ्या पोरानं उत्तर ऐकून थोडा वेळ जेवण थांबवलं, मग म्हणाला, "त्याच्या कपायावर चांदनी होती." मी विचारलं, केवढी? त्यानं खिचडीचं बोट ताटाच्या काठावर टेकवून दाखवलं.